जिन्यातली शीळ

बिडेफर्ड, मेन
१८ फेब्रुवारी २०१९

प्रिय लुसील,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बर्फातलं लाल कोठार आणि मागे चार ओळी: व्हरमाँटमध्ये आहे, ईस्टरपर्यंत राहणार, फोन टोपलीत जमा केला, 'सावलीचं काम' शिकते आहे, काळजी करू नकोस. काळजी मी करत नाही. मी संतापते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सख्ख्या बहिणीला तो फरक एव्हाना कळायला हवा होता.

हे सावलीचं काम काय असतं ते मी वाचनालयात जाऊन पाहून आले. (ज्या वाचनालयात मी जन्मभर लोकांना गप्प बसवलं, तिथे आता मुलं लाह्या खात हिंडतात. ते असो.) माणूस म्हणे स्वतःतलं नकोसं झालेलं लहानपणीच अंधारात ढकलून देतो आणि मग तेच दुसऱ्याच्या अंगावर दिसलं की त्याचं पित्त खवळतं. ते अंधारातलं उजेडात आणायचं, म्हणजे आत्म्याची वाढ होते. लुसील, आपण दोघी सिस्टरांच्या शाळेत वाढलो. रोज संध्याकाळी गार फरशीवर गुडघे टेकून अंतःकरणाची झाडाझडती घ्यायचो. सिस्टर आन्येसच्या नजरेतून सावलीच काय, उंदीरसुद्धा सुटत नव्हता. तुझ्यात आता लपलेलं राहिलंय तरी काय? तू एवढी गरीब गाय, की सलूनमध्ये गिऱ्हाइकांनी स्वतःच केस बिघडवून यावं, तुलाच बोलावं आणि तू त्यांना वर कॉफी पाजावी. रोमेओ गेल्यापासून तुला एकटं वाटतं, हे मला कळतं. त्यासाठी शनिवारचं बीन्सचं जेवण आहे, चर्च आहे, मी आहे.

इकडची बातमी एकच. सिस्टरांचा मठ विकला गेल्यावर त्यात लहान खोल्या पाडून आम्हा म्हाताऱ्यांना भाड्याने दिल्या, ते तुला ठाऊकच आहे. तर माझ्या वरच्या मजल्यावर शरद ऋतूपासून एक फेर्नां गान्ये राहायला आला आहे. घरं रंगवायचा, विधुर आहे. जिना चढताना शीळ घालतो. उतरताना शीळ घालतो. पत्रपेटीपाशी शीळ घालतो. ज्या जिन्यात सिस्टर पावलांचा आवाजही होऊ देत नसत, त्या जिन्यात! मी दोन लेखी तक्रारी दिल्या आहेत. तिसरी झाली की नियमाप्रमाणे त्याला खोली सोडावी लागेल. भाडेकरूंच्या समितीची अध्यक्ष मी आहे आणि नियमही मीच लिहिलेला आहे.

परत ये.

क्लोडेट


व्हरमाँट
२५ फेब्रुवारी

प्रिय क्लोडेट,

रागावू नकोस. तू अगदीच म्हणालीस तर मी येईन परत, पण आधी हे पत्र पूर्ण वाच.

इथे गोधड्या पांघरून मंत्र म्हणणारं कोणी नाही. एक जुनं शेतघर आहे, मध्ये लाकडाची शेगडी आणि तिच्याभोवती आम्ही आठजण. ग्वेन नावाची बाई शिकवते. आधी ती मनोरुग्णांच्या इस्पितळात नर्स होती, त्यामुळे तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. सकाळी आम्ही बर्फ उपसतो, दुपारी बसून बोलतो.

पहिला धडा सांगते. ज्या माणसाचा आपल्याला कारणापेक्षा जास्त राग येतो, त्याच्याविषयी चार-पाच वाक्यं लिहायची. मनातलं सगळं, भीडभाड न ठेवता. मग त्यातला 'तो' किंवा 'ती' काढायची, तिथे 'मी' घालायचं, आणि मोठ्याने वाचायचं. बस, एवढंच. आमच्यातल्या एका बँकवाल्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच उठून बाहेर लाकडं फोडायला गेला.

माझ्यासाठी ते माणूस म्हणजे आमच्यातलीच डोरीन. मोठी आडदांड बाई, बटाट्याच्या शेतावरची. शेगडीजवळची खुर्ची मागते, जेवणानंतरच्या गोड 'पाय'चा शेवटचा तुकडा मागते, रात्री माझी जास्तीची उशीसुद्धा मागितली. मी दिली, आणि मग पहाटेपर्यंत जळफळत पडले. माझी वाक्यं मी अजून वाचलेली नाहीत. ग्वेन म्हणते घाई नाही.

मिस्टर गान्येचं वाचून वाईट वाटलं. बिचारा जाणार कुठे? पण तुला त्रास होत असेल तर तुझंही बरोबरच आहे म्हणा.

तुझी,
लुसील


बिडेफर्ड
६ मार्च, राखेचा बुधवार

प्रिय लुसील,

ईस्टरआधीचा उपवासकाळ आजपासून सुरू. कपाळावर राख घेऊन आत्ताच चर्चमधून आले. नवे फादर इमेका नायजेरियाचे आहेत. राख भरपूर लावतात. जुन्या फादरांसारखा चिमूटभर हिशेब नाही.

तुझं पत्र पूर्ण वाचलं. 'तुला त्रास होत असेल तर तुझंही बरोबरच आहे' हे वाक्य दोन्ही दगडांवर पाय ठेवून लिहिलं आहेस, तेही नेहमीप्रमाणे वाचलं.

तुझ्या ग्वेनबाईंचा धडा मी करून पाहिला. उगाच कोणी म्हणायला नको की क्लोडेट बोल्दुकने न चाखताच नाक मुरडलं. घे:

'मी जिन्यात शीळ घालते. कोणी ऐकतंय का याची मला पर्वा नाही. मला वाटतं सगळी इमारत माझ्या बापाची आहे. माझ्या घरी दुःख झालेलं आहे तरी मी पाखरासारखी शीळ घालत हिंडते. मला लाज कशी ती नाही.'

झालं. मोठ्याने वाचलं. मांजराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झोपलं. सापडलं काही? मी आणि शीळ! हे म्हणजे पोपने सायकलच्या शर्यतीत उतरण्यासारखं आहे.

गेल्या आठवड्यात मी त्याला जिन्यात थांबवलं. आपल्या फ्रेंचमध्ये म्हटलं, "मस्यू गान्ये, हा मठ आहे."

तर म्हणाला, "होता, मादाम. आता इथे कपडे धुवायची यंत्रं आहेत."

"तुम्हाला दोन लेखी तक्रारी गेल्या आहेत."

"हो, मी त्या फ्रिजवर लावल्यात. अक्षर सुरेख आहे तुमचं."

आणि टोपी उचलून वर गेला. अर्ध्या जिन्यापर्यंत गप्प. मग पुन्हा सुरू! समितीची बैठक ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी आहे. तिथे मी तिसरी तक्रार ठेवणार. इरेन क्लूतिए आणि दुसऱ्या दोघींना मी तयार केलंय. आधी त्यांच्या कानांवर ती शीळ पडतच नव्हती, आता पडायला लागली आहे.

तुझ्यासाठी पुढच्या शुक्रवारच्या बसची चौकशी केली आहे. दुपारी पोर्टलंडला उतर, तिथून मी घेऊन येईन. वाटाण्याचं सूप करून ठेवते.

क्लोडेट


व्हरमाँट
१५ मार्च

क्लोडेट,

आज तो शुक्रवार आहे. मी बसमध्ये नाही.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता जे लिहीन ते पाठवणार.

मी माझी वाक्यं वाचली. 'मी शेगडीजवळची खुर्ची मागते. मी शेवटचा तुकडा मागते. मला जे हवं ते मी मागते आणि मला लाज वाटत नाही.' वाचता वाचता रडू फुटलं, कारण त्यातलं एकही खरं नव्हतं. मी आयुष्यात काही मागितलेलंच नाही. रोमेओने विचारलं लग्न करायचं का, मी 'चालेल' म्हटलं. तू म्हणालीस सलून काढ, मी काढलं. तू म्हणालीस घर वीक, मी विकलं. आणि आता तू मला न विचारता बसची चौकशी करतेस, सूप करतेस आणि मला गरीब गाय म्हणतेस! मला वाटाण्याचं सूप आवडत नाही, क्लोडेट. कधीच आवडलेलं नाही. मी चिडले आहे. आणि हे लिहून बरं वाटतंय.

आता दुसरं. इथे खिडकीबाहेर तो काळ्या टोपीचा चिमुकला पक्षी आला आहे, बर्फ वितळायच्या आधीच जोडीदाराला हाक मारतो तो. दोनच सूर. पहिला वर, दुसरा खाली. परवा त्याने हाक मारली आणि माझ्या हातातलं फावडं तिथेच राहिलं.

तू आणि शीळ? पोप आणि सायकल? खोटारडे! मामाँ क्षय झाल्यावर डोंगरातल्या इस्पितळात होती तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू दहा. आपण आजीच्या, मेमेच्या घरी एका खोलीत निजायचो. मला झोप येत नसे. तू तुझ्या पलंगावरून त्या पक्ष्याची हाक घालायचीस, अगदी हुबेहूब. मला शीळ येत नव्हती म्हणून मी भिंतीवर दोनदा टकटक करायचे. तू हाक, मी टकटक, असं करता करता मला झोप लागायची. गल्लीतली मुलंसुद्धा तुझ्याइतकी शीळ घालू शकत नव्हती. पापा सगळ्यांना सांगत फिरायचे.

मग एका रात्री तू हाक घातली नाहीस. मी टकटक केली. पुन्हा केली. म्हटलं, "क्लोडेट, घाल ना." तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "झोप. पुन्हा मागू नकोस." मला वाटलं मी फार मागितलं म्हणून शीळ गेली. मी कधीच काही मागितलं नाही तर परत येईल, असं मी ठरवलं. इतकी वर्षं मी ठरवलेलं मलाच ठाऊक नव्हतं.

आता मी मागते. दोन गोष्टी. तिसरी तक्रार देऊ नकोस. आणि मला सांग, शीळ का थांबली.

लुसील


बिडेफर्ड
१० एप्रिल

प्रिय लुसील,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. सूप मी एकटीने आठवडाभर प्यायले. ते खारट झालं होतं, हे मान्य.

तुझ्या पत्रावर मी आधी भयंकर चिडले. दोन-तीन उत्तरं लिहिली, त्यांतल्या एकात 'कृतघ्न' हा शब्द होता. मग चर्चमध्ये गेले, पण ते नंतर सांगते.

तू फार मागितलंस म्हणून ती थांबली नाही. हे आधी लिहून टाकते, बाकीचं कसंही लिहिलं गेलं तरी एवढं नीट वाच.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी सिस्टर आन्येसनी वर्गात सगळ्यांना उभं करून विचारलं, उपवासकाळात कोण काय सोडणार. कोणी चॉकलेट म्हणालं, कोणी साखर. सिस्टर म्हणाल्या, "हे काय सोडणं झालं? जे सोडलं तर दुखेल, ते सोडा. देवाला तेवढंच ऐकू येतं." माझ्याकडे दुखेल असं एकच होतं. मी वर्गात 'लोणी' असं सांगितलं आणि मनात देवाला सांगितलं, मामाँ परत आली तर मी पुन्हा शीळ घालणार नाही. तुला सांगता येत नव्हतं. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, असं मला वाटे. म्हणून 'झोप' म्हटलं. तू टकटक करत होतीस ते मला ऐकू येत होतं. मी उशी चावली होती.

मामाँ परत आली. लायलॅक फुलले होते तेव्हा. मग मी शीळ परत घेऊ कशी? परत घेतली आणि मामाँ खोकली तर? ती साधी शिंकली तरी मी दचकत असे. पुढे ती एवढी म्हातारी झाली की सगळ्या डॉक्टरांना पुरून उरली, आणि गेली तीसुद्धा फुप्फुसांच्या आजाराने नव्हे. पण तोवर मी काही सोडलं होतं हेच मी विसरले होते. फक्त दुसऱ्या कोणी शीळ घातली की माझं पित्त खवळायचं. मी त्याला शिस्त म्हणत होते. त्यावर नोकरी केली, निवृत्तही झाले.

तर चर्च. फादर इमेकांना पापनिवेदनाच्या खोलीत हे सगळं सांगितलं. जाळीपलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "मादाम, उपवासकाळ कधी संपतो?"

"ईस्टरला. मला शिकवू नका, फादर."

"मग तुमचा का नाही संपला?"

"मी देवाशी करार केला होता."

"देवाने सही केली होती?"

 ते हसत होते, लुसील. जाळीतून ऐकू येत होतं. म्हणाले, "आणि रविवारचं काय? रविवार उपवासकाळात धरत नाहीत. तो पुनरुत्थानाचा दिवस. दर रविवारी शीळ घातली असती तरी चाललं असतं."

"हे मला कोणी सांगितलं नाही!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर रांगेत उभी असलेली इरेन क्लूतिए दचकली. तिला आता वाटतंय की माझ्या हातून काहीतरी भयंकर पाप घडलं आहे. माझ्याकडे नव्या आदराने बघते.

सगळं आयुष्य मी रविवार धरत आले. सिस्टरही धरायच्या. मला सिस्टर आन्येसवर रागावायचंय, पण त्या वारल्या. देवावर रागावायला फादरांची हरकत नाही म्हणाले.

तिसरी तक्रार फाडली. तू मागितलंस म्हणून, आणि आधीच्या दोन कुणाविरुद्ध होत्या ते मला आता नीट सांगता येत नाही म्हणूनही.

शीळ येते की नाही, ठाऊक नाही. अजून प्रयत्न केलेला नाही. हे दात आपले नाहीत.

क्लोडेट


व्हरमाँट
१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

प्रिय क्लोडेट,

तुझं पत्र मी शेगडीजवळच्या खुर्चीत बसून वाचलं. डोरीनकडे मागितली. ती लगेच उठली. म्हणाली, "मागायचीस की आधी! मला तर इथे उकडून जीव नकोसा झाला होता." ग्वेनला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही, पण चष्मा पुसला.

मी सहा वर्षांची होते. तू दहा. तूही लहानच होतीस, हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

सुरात येते की नाही याचा विचार करू नकोस. आज रविवार आहे.

ईस्टरला मी तुझ्याकडे येते. डोरीन गाडीने सोडते म्हणाली, तेही मीच विचारलं. मागितलं की लोक हो म्हणतात, क्लोडेट. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मला खिडकीजवळचा पलंग हवा आणि ख्रिसमसला करतेस ती मांस भरलेली 'पाय' हवी, ख्रिसमस नसला तरी.

लुसील


बिडेफर्ड
१७ एप्रिल, पवित्र आठवडा

प्रिय लुसील,

पलंग तुझा. पाय करते. मसाला जरा जास्त पडेल, चालवून घे. (आवडली नाही तर सांग. हे लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.)

तू रविवार म्हणालीस. तुझं पत्र यायच्या आधीच मी झावळ्या घेऊन चर्चमधून परतले तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. उंच छत, दगडी भिंती. सिस्टरांनी ती जागा शांततेसाठी बांधली, पण तिथला आवाज असा घुमतो की चर्चनेही हेवा करावा. मी इकडेतिकडे पाहिलं, ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा किटलीसारखं काहीतरी. तिसऱ्यांदा आला, लुसील. वरचा सूर, मग खालचा. मी घाबरून खोलीत पळाले आणि दार लावून घेतलं. मांजर पलंगाखाली गेलं. नंतर मी बराच वेळ कोट न काढता बसून होते. मामाँ कुठे खोकली नाही.

आता मंगळवारचं ऐक. बैठकीला आम्ही पाचजणी, व्यवस्थापक मिसेस टिबेट्स, आणि कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन गान्ये. मी म्हटलं, माझी तिसरी तक्रार नाही, विषय संपला. तर इरेन उठली.

"तुझी नसेल, क्लोडेट. माझी आहे." आणि तिने कागद पुढे केला. झावळ्यांच्या रविवारी, पवित्र दिवशी, चर्च सुटल्यावर जिन्यात शीळ. "मी दारामागून ऐकली. पाखराचा आवाज काढत होता. देवाची थट्टा!"

मिसेस टिबेट्सनी विचारलं, "मिस्टर गान्ये, हे खरं आहे?"

तो बिचारा विचारात पडला. म्हणाला, "घातली असेन. मी कधी घालतो ते मला कळत नाही. बायकोला शेवटी दिसत नव्हतं. मी जिन्यात आहे हे तिला कळावं म्हणून घालायचो. ती गेली, तोंडाला सांगायचं राहून गेलं." मग म्हणाला, "नियम आहे तर आहे. महिनाअखेर खोली सोडतो." आणि टोपी घातली.

 गप्प बसले असते तरी कोणाला कळलं नसतं. माझी तक्रार मी फाडली, माझं काम झालं, असं मला म्हणता आलं असतं. अध्यक्षांना खुर्चीत बसून राहता येतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "ती शीळ मी घातली."

इरेन हसायला लागली. "तू? क्लोडेट, तुझं मन मोठं आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, पण खोटं कशाला बोलतेस? पापनिवेदनात आधीच पुष्कळ झालंय तुझं."

"मी घातली म्हणते ना."

"मग घालून दाखव."

मिसेस टिबेट्सनी पेन खाली ठेवलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मंगळवार होता, लुसील. रविवार नव्हे. उपवासकाळातला, पवित्र आठवड्यातला धडधडीत मंगळवार. मी ओठ ओले केले आणि घातली. पहिला वर, दुसरा खाली. खोली लहान, त्यामुळे फार मोठी वाटली.  इरेनचं तोंड उघडं ते उघडंच. मिसेस टिबेट्सनी कागद घेतला, नाव खोडून माझं घालू लागल्या, मग हसू आलं म्हणून कागदच दुमडून पर्समध्ये टाकला. माझ्या नावावर ही पहिलीच तक्रार, दोन शिल्लक आहेत.

बैठक सुटल्यावर जिन्यात गान्ये थांबला होता. आता आभार मानणार म्हणून मी तोंड कठोर करून ठेवलं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "दुसरा सूर जरा पडतो तुमचा, मादाम."

ऐकलंस? एवढं सगळं केल्यावर! मी म्हटलं, "मस्यू गान्ये, तुम्ही पहिलं घर रंगवलं त्याच्या आधीपासून मी तो सूर जपून ठेवला आहे." तर म्हणतो, "म्हणूनच. वापरला नाही की पडतो." आणि गेला वर शीळ घालत. त्याचा दुसरा सूर पडत नाही. ही गोष्ट मला अजिबात आवडलेली नाही, आणि मी सराव करते आहे.

रविवारी ये. खालची घंटा बिघडली आहे, ती दाबत बसू नकोस. डोरीनची गाडी वळताना दिसली की मी खिडकीतून हाक घालीन. तुला शीळ येत नाही हे माहीत आहे. दार वाजव, दोनदा.

क्लोडेट